संपादकाचे दफ्तर : मौलाना मोहम्मद अली यांच्या कागदपत्रांचे वाचन

विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांतील मुस्लिम पत्रकारितेचा विचार मौलाना मोहम्मद अली 'जौहर' (१८७८–१९३१) यांना वगळून करता येत नाही. 'कॉम्रेड' हे इंग्रजी साप्ताहिक आणि 'हमदर्द' हे उर्दू दैनिक ही त्यांनी चालवलेली दोन पत्रे. खिलाफत चळवळीचे नेते, जामिया मिल्लिया इस्लामियाचे पहिले शेखुल जामिया, १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसचे अध्यक्ष या नात्यांनी त्यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते. जयंतीच्या भाषणांत मात्र त्यांच्याविषयी बहुधा एकच गोष्ट सांगितली जाते. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी म्हणे त्यांच्या लेखणीची तुलना मेकॉलेशी, वाणीची बर्कशी आणि काळजाची नेपोलियनशी केली होती. वेल्स यांनी हे कोठे लिहिले, केव्हा म्हटले, हे सांगण्याची तसदी वक्ता सहसा घेत नाही. ज्या माणसाची कागदपत्रे आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत, त्याची ओळख ऐकीव प्रशस्तीवरून करून द्यावी लागावी, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

प्रस्तुत लेखात मोहम्मद अली यांचे चरित्र सांगण्याचा हेतू नाही. त्यांचे खासगी दफ्तर आणि त्यातून वेळोवेळी प्रसिद्ध झालेल्या निवडी यांचे वाचन कसे झाले आणि कसे व्हायला हवे, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे. या दफ्तराचे वाचन आजवर मुख्यतः एका राजकीय नेत्याचे दफ्तर म्हणून झाले. एका संपादकाचे दफ्तर म्हणून ते अजून पुरेसे वाचले गेलेले नाही. शिवाय ते दोन भाषांत वाटले गेल्यामुळे प्रत्येक वाचकाच्या हाती त्याचा अर्धाच भाग येतो. या दोन मुद्द्यांभोवती पुढील विवेचन आहे.

१. दफ्तर आणि निवडी

मोहम्मद अली यांची कागदपत्रे नवी दिल्ली येथे जामिया मिल्लिया इस्लामियाच्या डॉ. झाकिर हुसेन ग्रंथालयाच्या संग्रहात आहेत. जामियाची स्थापना २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथे झाली आणि १९२५ मध्ये ती दिल्लीस आली. संस्थापकांपैकी एकाचे कागद त्याच संस्थेत राहावेत, हे स्वाभाविकही आहे आणि भाग्याचेही. त्या काळातील कितीतरी संपादकांचे कागद त्यांच्या छापखान्यांबरोबरच लिलावात किंवा रद्दीत गेले.

या आणि अन्य ठिकाणच्या सामग्रीतून जी प्रकाशने झाली, त्यांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. मृत्यूनंतर लगेच, १९३२ मध्ये, रईस अहमद जाफरी यांचे 'सीरत-ए-मोहम्मद अली' हे उर्दू चरित्र आले. १९४० मध्ये मुहम्मद सरवर यांनी 'खुतूत-ए-मोहम्मद अली' हा पत्रसंग्रह संपादित केला. 'हमदर्द'मधील लेखांच्या निवडीही त्यांनीच काढल्या. १९४२ मध्ये अफजल इक्बाल यांनी 'माय लाइफ : अ फ्रॅगमेंट' हे इंग्रजी आत्मकथन लाहोरहून प्रसिद्ध केले आणि १९४४ मध्ये निवडक लेख व भाषणे. १९५० च्या दशकात अब्दुल माजिद दर्याबादी यांनी आपल्या रोजनिशीच्या आधारे उर्दूत आठवणी लिहिल्या. १९७९ मध्ये शान मुहम्मद यांनी अलीबंधूंची अप्रकाशित पत्रे आणली. १९८० च्या दशकात मुशीरुल हसन यांनी निवडक लेखनाचे इंग्रजी खंड सिद्ध केले.

या संपादकांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवावी लागते. या निवडींचा भर राजकीय पत्रव्यवहार, निवेदने आणि अग्रलेख यांवर आहे. छापखाना, वर्गणीदार, टाइप, कागदाचा खर्च, बातमीदार, सहसंपादक, उशिरा आलेला मजकूर या गोष्टी त्यांत येतात त्या ओघाने, तळटीपेच्या मोलाने. वास्तविक मोहम्मद अली यांचा दिवस यांतच जात असे. 'कॉम्रेड'साठी उत्तम कागद आणि नेटकी छपाई यांचा त्यांचा आग्रह प्रसिद्ध आहे. 'हमदर्द' शिळाछापाऐवजी नस्ख टाइपात निघावा म्हणून त्यांनी बैरूतहून टाइप मागवला. नस्तालीक वळणाची सवय असलेल्या उर्दू वाचकाला तो रुचला नाही आणि पत्राला पुन्हा शिळाछापाकडे वळावे लागले. ही घटना वरवर तांत्रिक वाटते. पण नेता लोकांना आपल्या मागे आणू पाहतो, तर संपादकाला वाचकाच्या डोळ्यांपुढे माघार घ्यावी लागते, हा फरक तिच्यात जितका स्पष्ट दिसतो तितका कोणत्याही भाषणात दिसत नाही.

२. बडोद्याची वर्षे

निवडींच्या भरामुळे जो भाग सर्वांत पुसट राहिला तो बडोद्याचा. ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजातून इतिहासाची पदवी घेऊन मोहम्मद अली परतले. आय.सी.एस. परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले होते. रामपूर संस्थानात थोडा काळ शिक्षणखात्यात काम केल्यावर ते सयाजीराव गायकवाड यांच्या नोकरीत दाखल झाले. अफूखात्यात आणि नवसारी प्रांतात त्यांनी जबाबदारीची कामे केली. १९१० पर्यंत ते या सेवेत होते.

चरित्रकार हा काळ बहुधा दोन परिच्छेदांत उरकतात. त्यांच्या दृष्टीने हा सरकारी नोकरीचा, म्हणजे 'खऱ्या' आयुष्याच्या आधीचा काळ आहे. परंतु संपादकाच्या घडणीच्या दृष्टीने पाहिले तर चित्र बदलते. याच नोकरीत असताना त्यांनी वृत्तपत्रांत लेख लिहिले. १९०७ मध्ये देशातील असंतोषाविषयी लिहिलेली लेखमाला मुंबईच्या इंग्रजी पत्रांतून येऊन नंतर पुस्तकरूपाने निघाली. संस्थानाचा नोकर राजकीय विषयावर जाहीरपणे लिहितो, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. किती लिहावे, कोणत्या सुरात लिहावे, वरिष्ठाच्या नजरेतून काय सुटेल आणि वाचकाच्या मनात काय राहील, याचा अभ्यास त्यांना येथेच करावा लागला असणार. पुढे नजरकैदेत प्रत्येक पत्र दुसऱ्याच्या नजरेखालून जाणार, हे माहीत असताना लिहिण्याची वेळ आली, तेव्हा हा सराव उपयोगी पडला, असे अनुमान करण्यास जागा आहे.

हे संस्थान १९०६ मध्ये सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारे होते, हेही विसरून चालणार नाही. मुस्लिम समाजाच्या शिक्षणाविषयी मोहम्मद अली यांनी पुढे जे लिहिले, त्याची मुळे केवळ अलीगढमध्ये शोधण्याची पद्धत आहे. राज्यकारभारातून शिक्षण कसे पसरते, हे त्यांनी सात वर्षे बडोद्यात प्रत्यक्ष पाहिले होते. बडोदे संस्थानचे अभिलेख इंग्रजी, गुजराती आणि मराठीत, मराठीचा जुना भाग मोडीत, असे आहेत. दिल्लीच्या संग्रहात जे नाही ते तेथे मिळण्याचा संभव आहे. परंतु उर्दू जाणणारा अभ्यासक मोडीकडे वळत नाही आणि मोडी जाणणाऱ्याला मोहम्मद अली हा आपला विषय वाटत नाही.

नोकरी सोडताना त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता असे नाही. माळव्यातील जावरा संस्थानचे मुख्य पद त्यांना देऊ करण्यात आले होते. ते न स्वीकारता त्यांनी १४ जानेवारी १९११ रोजी कलकत्त्याहून 'कॉम्रेड'चा पहिला अंक काढला. आपण सर्वांचे सोबती आहोत, कोणाचेही पक्षपाती नाही, अशी त्या पत्राची प्रतिज्ञा होती. राजधानी दिल्लीस नेण्याचा निर्णय जाहीर झाल्यावर १९१२ मध्ये पत्रही दिल्लीस आले आणि १९१३ मध्ये 'हमदर्द' सुरू झाला.

३. वृत्तपत्र बंद, पत्रव्यवहार सुरू

संपादकाच्या कागदपत्रांबाबत एक साधा नियम दिसून येतो. पत्र चालू असते तेव्हा संपादकाचे सारे लेखन छापखान्यात जाते. पत्र बंद पडले की ते टपालात जाते. मोहम्मद अली यांच्या प्रकाशित पत्रव्यवहारात नजरकैदेच्या काळातील पत्रांचा वाटा मोठा आहे, त्याचे कारण हेच.

घटनाक्रम सर्वपरिचित आहे. १९१० च्या प्रेस ॲक्टखाली १९१३ मध्ये मॅसेडोनियातील मुसलमानांच्या हालांविषयीचे एक पत्रक जप्त झाले, तेव्हा मोहम्मद अली कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी या कायद्याची व्याप्ती किती अमर्याद आहे हे निकालात दाखवून दिले. परंतु याच व्याप्तीमुळे अर्ज मात्र फेटाळावा लागला. २६ सप्टेंबर १९१४ च्या 'कॉम्रेड'मध्ये लंडनच्या 'टाइम्स'ला उत्तर देणारा 'द चॉइस ऑफ द टर्क्स' हा लेख आला. त्याबद्दल जामीन जप्त होऊन पत्र बंद पडले. मे १९१५ मध्ये मोहम्मद अली आणि त्यांचे वडील बंधू शौकत अली यांना भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध करण्यात आले. प्रथम मेहरौली, मग लॅन्सडाउन आणि पुढे मध्य प्रांतातील छिंदवाडा. त्याच वर्षी 'हमदर्द'ही बंद झाला. १९१९ मध्ये व्हाइसरॉयना पाठवलेल्या निवेदनानंतर दोघांना बैतूलच्या तुरुंगात हलवण्यात आले आणि त्या वर्षाच्या अखेरीस सुटका झाली.

या साडेचार वर्षांतील पत्रे वाचताना दोन पथ्ये पाळावी लागतात.

पहिले असे की, ज्याने पत्र लिहिले त्याच्या दफ्तरात मूळ पत्र राहत नाही. तेथे राहतो तो मसुदा किंवा प्रत. मूळ पत्र ज्याला लिहिले त्याच्याकडे जाते. 'मसुदा' हा शब्द मराठीने अरबीतून, फारसीच्या वाटेने घेतला. काळे करणे, म्हणजे शाईने कागद भरणे, असा त्याचा मूळ अर्थ आहे. त्याच्या जोडीला उर्दूत 'मुबय्यझा' आहे, म्हणजे शुभ्र केलेली, स्वच्छ लिहिलेली प्रत. मराठीने पहिला शब्द ठेवला, दुसरा ठेवला नाही. परिणामी मराठीत लिहिताना हा भेद सहज सुटून जातो. मोहम्मद अली यांच्या नावे छापलेले पत्र हा त्यांनी लिहून बाजूला ठेवलेला मसुदा आहे, पाठवलेल्या पत्राची प्रत आहे, की स्वीकारणाऱ्याकडून मिळवलेले मूळ आहे? या तिन्हींची साक्ष सारखी नाही. रागाच्या भरात लिहिलेला मसुदा माणसाचे मन सांगतो, पाठवलेले पत्र त्याचा निर्णय सांगते. निवडी वाचणारा विद्यार्थी हा फरक न करता दोन्हींतून सारख्याच विश्वासाने अवतरणे घेतो.

दुसरे पथ्य सेन्सॉरचे. स्थानबद्धांची पत्रे सरकार वाचत असे. म्हणजे प्रत्येक पत्राला दोन वाचक होते, एक नाव असलेला आणि दुसरा नाव नसलेला. बडोद्यात हाताला लागलेली सवय येथे पुन्हा कामाला आली. मौलाना अब्दुल बारी फरंगीमहली यांना उर्दूत लिहिलेले पत्र, गांधीजींना इंग्रजीत लिहिलेले पत्र आणि सरकारी अधिकाऱ्यांना पाठवलेले निवेदन यांचे सूर वेगळे आहेत. तो वेगळेपणा ढोंग नव्हे. ज्याचे पत्र हिरावले गेले आहे असा संपादक निवेदनालाच अग्रलेख करतो. सरकार हे त्याचे वाचक आहे, पण सरकारच्या खांद्यावरून पलीकडचा वाचकवर्ग त्याला दिसत असतो. १९१७ मध्ये सुटकेसाठी हमीपत्र मागण्यात आले, तेव्हा बंधूंनी इस्लामविषयीचे आपले कर्तव्य अबाधित राहील अशा अर्थाची भर त्यात घातली आणि सुटका नाकारली गेली. एका वाक्याच्या शब्दयोजनेसाठी दोन वर्षांहून अधिक स्थानबद्धता पत्करणे, ही श्रद्धावानाची कृती तर आहेच. शब्दाची किंमत जाणणाऱ्या संपादकाचीही ती कृती आहे.

छिंदवाड्याच्या या पत्रव्यवहारात घाटे या मराठी वकिलांचे नाव येते. बंधूंच्या कायदेशीर बाजूचे काम ते पाहत असत आणि गांधीजींचा त्यांच्याशी याबाबत पत्रव्यवहार होता. खिलाफतीच्या इतिहासात घाटे यांना जागा नाही. नजरकैदेतील दोन मुसलमान नेते आणि बाहेरचे जग यांच्यामध्ये काही काळ एक मराठी वकील उभा होता, ही वस्तुस्थिती दफ्तर वाचल्यावाचून कळत नाही. पाठ्यपुस्तकातील 'हिंदू-मुस्लिम ऐक्य' या शीर्षकाखाली जे येते त्याला अशा एका माणसाने चेहरा मिळतो.

४. विजापूरचा मसुदा

१९२१ च्या कराची खटल्यात दोन वर्षांची सक्तमजुरी झाल्यावर मोहम्मद अली यांचा बराच काळ विजापूरच्या तुरुंगात गेला. तेव्हा विजापूर मुंबई इलाख्यात होते. आजच्या सीमाभागातील वाचकाला हे गाव परके नाही. परंतु आदिलशाहीच्या इमारती पाहायला जाणाऱ्यांना तेथील तुरुंगाचा हा संबंध सहसा माहीत नसतो. कन्या आमिना क्षयाने आजारी असल्याची बातमी त्यांना कैदेतच सोसावी लागली. १९२४ मध्ये ती वारली. उर्दू काव्यातील त्यांच्या काही हळव्या रचना याच काळातील आहेत.

आत्मकथनाचे लेखन याच कैदेतले. १९४२ मध्ये ते 'माय लाइफ : अ फ्रॅगमेंट' या नावाने निघाले. हे नाव मोहम्मद अली यांचे नव्हे. त्यांनी योजलेला ग्रंथ इस्लामवरचा होता आणि 'इस्लाम : किंगडम ऑफ गॉड' असे त्याचे नाव ठरले होते. स्वतःविषयीचा मजकूर हा त्या ग्रंथाकडे नेणारा उपोद्घात होता. ग्रंथ पुरा झाला नाही. उपोद्घात उरला आणि संपादकाने त्याला आत्मचरित्र म्हणून वाचकापुढे ठेवले.

अफजल इक्बाल यांनी हे हस्तलिखित प्रकाशात आणले, हे मोठेच काम होय. परंतु शीर्षक बदलले की वाचन बदलते. आत्मचरित्र म्हणून हे पुस्तक वाचणारा विचारतो, यात खिलाफतीचा तपशील इतका अपुरा का? बडोदे इतके थोडे का? बालपणीच्या धार्मिक शिक्षणावर एवढी पाने कशासाठी? उपोद्घात म्हणून वाचले की या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात. आधुनिक शिक्षण घेतलेला एक मुसलमान आपल्या धर्मग्रंथाच्या अर्थापासून किती दूर राहिला आणि नजरकैदेत नजीर अहमद यांच्या उर्दू अनुवादाच्या साहाय्याने तो कुरआनाकडे कसा परतला, हे सांगणे हा त्या लेखनाचा हेतू आहे. जे या हेतूशी संबंधित नाही ते लेखकाने गाळले आहे. अपुरेपणाचा दोष त्याच्या माथी मारणे न्याय्य नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी दुसरी उदाहरणे आठवतील. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातील एकशे एक दिवसांवर पुस्तक लिहिले, ते तुरुंगाविषयीच होते. टिळकांनी मंडालेत 'गीतारहस्य' लिहिले, त्यात तुरुंग जवळजवळ नाही. तिसरे उदाहरण उर्दूतील, मौलाना आझाद यांच्या रांचीच्या स्थानबद्धतेतील 'तजकिरा' (१९१९). त्यात पूर्वजांच्या चरित्रातून स्वतःकडे येण्याची वाट आहे. हे सारे संपादक होते. दर आठवड्याला ताज्या घटनेवर लिहिण्याची सक्ती संपल्यावर प्रत्येकाने वेगळा मार्ग धरला. टिळक आणि मोहम्मद अली दोघेही आपल्या धर्मग्रंथाकडे वळले. परंतु टिळकांनी स्वतःला बाजूला ठेवून ग्रंथ पुरा केला, तर मोहम्मद अली यांना स्वतःतून बाहेर पडून ग्रंथापर्यंत पोहोचता आले नाही.

येथे त्यांच्या लेखनाचा एक दोष स्पष्टपणे सांगायला हवा. त्यांना संक्षेप साधत नसे. 'द चॉइस ऑफ द टर्क्स' त्यांनी जवळजवळ चाळीस तास सलग बसून लिहिल्याचे सांगितले जाते आणि लेखाची लांबी पाहता ते खोटे वाटत नाही. विषयांतर, उपहास, इंग्रजी वाङ्मयातील संदर्भ, पुन्हा मूळ मुद्दा, असा त्यांचा क्रम असे. दुसऱ्यांच्या मजकुरावर कात्री चालवणाऱ्या या संपादकाला स्वतःच्या मजकुरावर ती चालवता आली नाही. भक्तिभावाने लिहिणारे या पसरटपणाला ओघ म्हणतात. परंतु विजापूरचा मसुदा अपुरा राहिला, याचे एक कारण कैदेनंतरची धावपळ असले तरी दुसरे कारण ही सवय आहे, हे मान्य केल्याने त्यांचे मोठेपण कमी होत नाही.

५. दोन भाषांतील दोन मोहम्मद अली

ऑगस्ट १९२३ मध्ये सुटका झाल्यावर दोन्ही पत्रे १९२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यांचे पुढील भवितव्य या लेखाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे आहे. 'कॉम्रेड' जानेवारी १९२६ मध्ये कायमचा थांबला. 'हमदर्द' मात्र कर्ज, मधुमेह आणि मतभेद यांतून वाट काढत १९२९ पर्यंत निघाला.

याचा परिणाम असा झाला की, १९२६ नंतरचा मोहम्मद अली केवळ इंग्रजी वाचणाऱ्याच्या नजरेआड जातो. हीच वर्षे निर्णायक आहेत. १९२८ चा नेहरू अहवाल, काँग्रेसपासून दुरावा, जुन्या सहकाऱ्यांशी आलेली कटुता या साऱ्याचे रोजचे लेखन 'हमदर्द'च्या उर्दूत आहे. इंग्रजी वाचकाला ते एकदम १९३० च्या नोव्हेंबरात लंडनच्या गोलमेज परिषदेत पुन्हा भेटतात. तेथे ते आपण हिंदुस्थान आणि मुस्लिम जग अशा दोन समान वर्तुळांत आहोत असे सांगतात आणि गुलाम देशात परतण्यापेक्षा परक्या भूमीत मरण मागतात. मधली वर्षे माहीत नसल्यामुळे ते भाषण त्याला अचानक झालेला बदल वाटते किंवा नुसते नाट्य वाटते. ४ जानेवारी १९३१ रोजी लंडनला त्यांचे निधन झाले आणि दफन जेरुसलेममध्ये झाले.

केवळ उर्दू वाचणाऱ्याची उणीव याच्या उलट आहे. त्याला 'हमदर्द' माहीत असतो, गझला पाठ असतात, पण १९११ ते १९१४ चा 'कॉम्रेड' त्याने वाचलेला नसतो. आरंभीच्या त्या अंकांत ब्रिटिश राज्याशी सहकार्य शक्य आहे असे मानणारा, इंग्रज अधिकाऱ्यांनी आपला अंक वाचावा अशी इच्छा धरणारा संपादक दिसतो. 'गप' या सदरातील विलायत अली 'बंबूक' यांचा खेळकर उपहास दिसतो. 'रईसुल अहरार', म्हणजे स्वातंत्र्यवीरांचा अग्रणी, या पदवीत हा पहिला मोहम्मद अली मावत नाही, म्हणून तो गाळला जातो. जो माणूस बदलत गेला त्याला पहिल्यापासून तसाच असल्याचे दाखवले की त्याच्या बदलाची किंमत वाचकाला कळत नाही.

या भाषिक फाळणीवर नंतर राजकीय फाळणीची भर पडली. सीमेपलीकडील लेखनात ते वेगळ्या राष्ट्राचे पूर्वसूरी ठरतात, अलीकडील लेखनात खिलाफतकालीन ऐक्याचे प्रतीक. दोन्हींकडे निवड आहे आणि दोन्हींना दफ्तरातून आधार सापडतो. परंतु संपूर्ण दफ्तर दोन्हींना अडचणीचे आहे. त्यातला माणूस संस्थानी अधिकारी आहे, इंग्रजी गद्याचा शौकीन आहे, कर्जबाजारी संपादक आहे, मुलीसाठी झुरणारा बाप आहे. गांधीजींचा सहकारी आणि पुढे त्यांचा टीकाकार, ही दोन्ही रूपे एकाच हस्ताक्षरात आहेत.

६. समारोप

हा प्रश्न केवळ एका थोर पुरुषाच्या अभ्यासापुरता नाही. बडोदे, छिंदवाडा, बैतूल, विजापूर या गावांची नावे मोहम्मद अली यांच्या आयुष्यात येतात आणि ही सारी गावे मराठी भाषकांच्या वस्तीला लागून किंवा त्यांच्या वस्तीतच आहेत. येथील मुस्लिम विद्यार्थी आज उर्दू माध्यमात शिकतो, मराठीत शिकतो, कन्नड, गुजराती किंवा इंग्रजीत शिकतो. उर्दूतून शिकणाऱ्याला 'कॉम्रेड' दूर आहे. इतरांना 'हमदर्द'ची लिपीच वाचता येत नाही. म्हणजे ज्या समाजाचा वारसा म्हणून हे नाव घेतले जाते, त्याच समाजात संपूर्ण दफ्तर वाचू शकणारे हात थोडे आहेत. मराठीत या कागदपत्रांतील निवडक पत्रांचा, लेखनाची तारीख, मूळ भाषा आणि मसुदा की प्रत ही नोंद देणारा अनुवाद झाला, तर ही तूट काही अंशी भरून निघेल. उर्दू आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या अध्यापकांना हे काम करता येण्यासारखे आहे.

दुसरे काम याहून जवळचे आहे. गावोगावच्या मुस्लिम शिक्षणसंस्थांनी नियतकालिके चालवली, वार्षिकांक काढले, अहवाल छापले. त्यांच्या संपादकांचा पत्रव्यवहार, वर्गणीदारांच्या याद्या, छापखान्याची बिले, परत केलेला मजकूर हे सारे कोठल्यातरी कपाटात किंवा एखाद्या वारसाच्या माळ्यावर आहे. ते मोहम्मद अली यांच्या कागदांइतके मोलाचे नाही, असे म्हणून ते टाकून देण्याची घाई होते. मोठ्या संपादकाच्या दफ्तरातूनही ज्या गोष्टी गौण म्हणून गाळल्या गेल्या त्या नेमक्या याच आहेत. कोणाला वाचायला काय हवे होते, काय परवडत होते, कोणत्या लिपीने डोळे शिणत होते, हे त्यांतूनच कळते. अशा कागदांची निदान यादी करून ती संस्थेच्या ग्रंथालयात ठेवणे, एवढ्यापासून आरंभ करता येईल.